अंजनाची छोटी पुडी

माझी बायको अंजना शाळेत गेली नव्हती. सहीच्या जागी अंगठा. तरी तिनं सहा आठवड्यांचं एक शिक्षण पुरं केलं, तेही पुण्याच्या मॅडमकडून, मोबाइलवर, आमच्याच ओट्यावर बसून. एक दिवस चुकवला नाही. शेवटी शिक्षण पुरं केल्याचा कागद आला तो दुसरीच्या नावाचा. ते बरोबरच होतं. नाव त्या दुसरीनंच नोंदवलं होतं.

ती दुसरी म्हणजे अलमास, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कादर पिंजाऱ्याची पोरगी. कादर गाद्या-रजया भरतो. आमचं गाव नांदुऱ्याजवळ, वारा तिकडून असला की रेल्वेची शिट्टी ऐकू येते. रोगामुळं सगळ्या शाळा बंद होत्या त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. अलमासनं नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. तिच्या शाळेतल्या सरांनी फॉर्म भरला आणि तिची निवड झाली. कशात, तर हायस्कुलातल्या पोरांसाठी उन्हाळी इंटर्नशिप, विषय पर्यावरण धोरण. म्हणजे माती, पाणी, हवा, शेती यांच्यासाठी सरकारनं काय नियम करावेत आणि केलेले नियम गावात का चालत नाहीत, हे शिकायचं आणि शेवटी त्यावर एक टिपण लिहायचं. सगळं मोबाइलवर. बाकीची पोरं पुण्याची, नाशिकची, एक नागपूरचा. खेड्यातली ही एकटी.

कादरच्या घरावर टिनं. आत रेंज येत नाही. आमच्या ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणापाशी, येते. काऊन येते ते देव जाणे. पोरगी दुपारी तीन वाजता बापाचा मोबाइल घेऊन यायची. अंजनाची रोजची बसायची जागा नेमकी तीच.

"आजी, थोडं सरका ना. मीटिंग हाये माह्यी."

"तू सरक. मी चाळीस वर्सांपासून इथी बसून राह्यली."

मग दोघी बसल्या. असं ते सुरू झालं.

अंजना रिकाम्या हातानं बसलेली मी पाहिली नाही. घरच्या कापसातली सरकी बोटांनी काढायची आणि मांडीवर वाती वळायची. गावातल्या महादेवाला बारा महिने तिच्याच वाती. आणि वाती वळता वळता प्रश्न. दुसऱ्या बाया तंबाखू मळतात तशी ही प्रश्न विचारायची. एसटीच्या कंडक्टरला विचारायची, "तू दिवसभर फिरते, तुह्यी भाकर कोण बांधून देते?" कृषी सहायक गावात आला की त्याला, "तुमी आमाले सांगता ते तुमच्या बापाच्या वावरात करता का?" मी ओशाळा व्हायचो. घरी आल्यावर रागावलो की म्हणायची, "इचारल्यानं जीभ झिजत नाई."

दुसरी खोड बियाण्याची. घरात आलेलं बी फेकायचं नाही. दोडक्याचं, वांग्याचं, कुठल्या लग्नात खाल्लेल्या भोपळ्याचं, सगळं राखेत घोळून डब्यात. डब्यांवर नाव नाही, पण चूक नाही. "बी म्हंजे पोटुशी बाई. तिले दारातून हाकलू नाई," असं तिचं बोलणं. आमचं लेकरू जगलं नाही. ते एकदा सांगतो आणि पुढं जातो.

आता छोट्या पुडीचं सांगितल्याशिवाय बाकी कळणार नाही.

बीटी कपाशी आमच्याकडं नवीन आली तेव्हा चांगली वाटली. फवारणी कमी लागायची, बोंडं टपोरी. बियाणं आणायला नांदुऱ्याला जायचो. एका वर्षी अंजनाही सोबत आली. बीटीच्या पाकिटाबरोबर तेव्हा एक छोटी पुडी मिळायची. दुकानदारानं मोठं पाकीट माझ्या हातात दिलं आणि छोटी पुडी तशीच फळीवर सरकवली. अंजनानं ती उचलली.

"हे लहानं कायचं?"

"ते साधं बी हाये बाई. बीटी नाई. फेका, नाईतर ढोराले चारा. फुकटचं हाये."

"फुकटचं कोणी कोणाले देत नाई. कंपनी काय तुमची मामी लागते?"

दुकानातली माणसं हसली. दुकानदार मला म्हणाला, "भाऊ, बाईले घरी ठेवत जा." मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. वाटेत तिनं पुडी माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, वाचा. मी चौथी शिकलेलो. वाचून दाखवलं. शेताच्या चारी बाजूंनी कडेकडेनं या साध्या कपाशीच्या पाच ओळी लावाव्या, असं लिहिलं होतं.

"मंग लावू."

"पाच ओळी अळीले चारू का? गावात कोणी लावते का?"

कोणीच लावत नव्हतं. आम्ही सगळे त्या पुडीचं एकच करायचो. सरकी टोबली की आठ-दहा दिवसांनी कुठं कुठं जागा रिकामी दिसते, बी उगवलेलं नसतं. तिथं पुन्हा बी टोबावं लागतं. त्याला नांग्या भरणं म्हणतात. त्यासाठी मोठं पाकीट पुन्हा कोण विकत आणणार? छोटी पुडी फोडायची आणि नांग्या भरायच्या. काम बायांचं. बाप्ये पेरतात, बाया नांग्या भरतात, आमच्याकडं असंच चालत आलं. अंजनानं माझ्या सांगण्यावरून दर वर्षी भरल्या. दर वर्षी पुडी फोडताना एकदा विचारायची, "कडेनं लावू का?" आणि मी दर वर्षी नाही म्हणायचो.

मग गुलाबी अळीचं वर्ष आलं. कपाशीची फुलं उमलेनात, पाकळ्या मिटलेल्याच. त्याला डोमकळी म्हणतात. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी. एकानं तर उभ्या कपाशीत ट्रॅक्टर घातला. अंजना बोंडं तोडून आणायची, ओट्यावर फोडायची आणि अळ्यांकडं बघत बसायची. शिव्या देत नव्हती. सगळं गाव देत होतं.

त्या वर्षी नुकसानीचे अर्ज भरले. अर्जात एक प्रश्न होता. शेताच्या कडेनं साध्या कपाशीच्या पाच ओळी लावल्या होत्या काय? माझं अक्षर वळणदार म्हणून लोकांनी लिहायचं काम माझ्यावर टाकलं. मी माझ्या अर्जावर "हो" लिहिलं. मग दुसऱ्याच्या. बारा अर्ज, बारा वेळा "हो". कोणी लिही म्हटलं नाही, कोणी लिहू नको म्हटलं नाही. सगळे दुसरीकडं बघत होते. अंजना चहा घेऊन आली.

"काय लिहून राह्यले?"

"हो लिहून राह्यलो."

"कायले हो?"

मी म्हटलं, "चहा ठेव."

हे झालं अलमासच्या इंटर्नशिपच्या दोन-तीन वर्षं आधी.

आता पुन्हा ओट्यावर येतो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मॅडम समजावत होत्या की नियम कसा तयार होतो. आधी मसुदा, मग लोकांच्या हरकती, मग बैठका. अंजना वाती वळत होती. मध्येच बोलली.

"पोरी, त्या बाईले इचार, नियम करनारा वावरात येते का?"

"आजी, चुप ना! आवाज जाते तिकडं."

आवाज गेलाच होता. मॅडम म्हणाल्या, "अलमास, कोण बोलतंय तुझ्याजवळ?"

"सॉरी मॅडम. शेजारची आजी हाये."

"मग त्यांना दिसू दे की."

अंजनानं डोक्यावर पदर घेतला, वाती बाजूला ठेवल्या आणि मोबाइलला हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. बहुतेक वेळा येत नाही."

"मंग ते लिव्हून घ्या," अंजना म्हणाली.

तिकडची सगळी पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी खरंच लिहून घेतलं असं अलमास सांगते. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली तशी अंजना पुढं सरकली. "माह्यी राह्यली." तेव्हापासून रोज शेवटी मॅडम विचारायच्या, "अंजना आजी?" आणि ही म्हणायची, "हाव."

मी वावरातून आलो की त्या दोघींचं चाललेलं असायचं. मी बोलायचो कमी. मला ते पोरखेळच वाटायचं. पण एक दिवस कानावर पडलं आणि मी पाय धुता धुता थांबलो. मॅडमनी कपाशीचं उदाहरण घेतलं होतं आणि अलमास ते अंजनाला सोपं करून सांगत होती.

"पाह्या आजी. बीटीचं बोंड खाल्लं की अळी मरते. पन हजारात एखादी मरत नाई, तिले ते पचते. आता सगळ्या वावरात बीटीच बीटी. मंग ज्या वाचल्या त्याईचंच आपसात लगन होते. त्याईचे लेकरं सगळे पचवनारे."

"हां."

"आन कडेनं साधी कपाशी असली तं तिथल्या साध्या अळ्या जगते. त्याईचे पतंग आन हे पचवनारे पतंग, याईचं लगन होते. मंग लेकरं पुन्हा साधे. बीटीनं मरनारे."

अंजनानं हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे सोयरीक बाहेरच्या गावची करा लागते. भावकीत नाई."

"हाव आजी, तेच!"

"येवढंच होतं तं पुडीवर असं काऊन नाई लिव्हलं? पाच ओळी लावा, पाच ओळी लावा. कायले लावा ते कोणी सांगतलं?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आयकलं का?"

मी म्हटलं, "आयकलं," आणि आत गेलो.

टिपणासाठी अलमासनं हाच विषय घेतला. गावात छोट्या पुडीचं काय होतं. मॅडमनी सांगितलं होतं की घरोघर जाऊन लोकांचे जबाब लिहून आण. पोरगी वही घेऊन फिरली. तोंडाला ओढणी, हातात पेन. दोन दिवसांनी परत आली ती तोंड उतरवून. बारा बाप्यांना विचारलं, बाराही जण म्हणाले, हो, लावल्या ना, कडेनं पाच ओळी. त्यातले बहुतेक माझ्याच हातचे अर्जवाले. माझंच "हो" ते तिला देत होते. तिनं शेवटी मलाही विचारलं.

"आबाजी, तुमी?"

मी म्हटलं, "लावल्या."

अंजनाच्या मांडीवरची वात तशीच राहिली. 

मॅडमनी जबाब ऐकले आणि म्हणाल्या, सगळेच जण नियम पाळत असतील तर तुझ्याकडं प्रश्नच उरत नाही, दुसरा विषय घे, शनिवारी शेवटचं सादरीकरण आहे. हातात पाच दिवस. टिपण नाही तर कागद नाही. आणि कागदाला अर्थ होता, कारण कादरनं पोरीला सांगून ठेवलं होतं, "हे पुरं करून दाखोलं तं तुले अकरावीले बुलडान्याले सायन्सले टाकतो. नाई जमलं तं घरी बस, रजया शिव." कादर वाईट नाही. त्याला रोज दोन तास धंद्याचा मोबाइल पोरीला द्यावा लागत होता आणि त्याचं मोल तो मागत होता. पोरगी रांजणाला टेकून बसली. रडत नव्हती. वहीतली पानं मोजत होती.

"आजी, बारा मानसं खोटं कसे बोलतीन?"

अंजना म्हणाली, "ते मले नाई ठाऊक. पन तू चुकीच्या मानसाईले इचारलं. बी पेरते बाप्या. नांग्या भरते बाई. पुडी कुठी गेली ते बाईलेच ठाऊक राहीन ना. चल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती अलमासला घेऊन शिवारात गेली. पेरणीआधी बाया वावरातली धसकटं वेचत होत्या. मी बांधापलीकडं होतो, काम करत होतो, ऐकूही येत होतं. अंजना विळा खाली ठेवून त्यांच्यातच बसली आणि त्यांच्याबरोबर वेचता वेचता विचारायला लागली. पोरीला म्हणाली, तू फक्त लिही, वही वर धरू नको.

"काय वं, तुह्या घरी छोट्या पुडीचं काय झालं?"

"काय होनार? नांग्या भरल्या."

"माह्या सासूनं म्हशीच्या आंबोनात टाकली."

"म्या तं पोट्टीच्या बाहुलीत भरली. अजून हाये घरी, दाखोतो."

"आन कडेनं पाच ओळी?"

सगळ्या अशा हसल्या की झाडावरचे बगळे उडाले. एक म्हणाली, "पाच ओळी आमाले घरच्या भाजीले नाई भेटत, कपाशीले कोण देईन?"

एका सकाळीत अलमासची वही भरली. दुपारी मॅडमला वाचून दाखवलं तेव्हा मॅडमनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, हे टिपण होईल. पण शनिवारी ऐकायला बाहेरचे मोठे लोक असणार आहेत. बारा जण नावानिशी हो म्हणतात आणि बाया नाव न सांगता नाही म्हणतात, हे टिकणार नाही. निदान एकीनं तरी आपल्या तोंडानं, नाव सांगून, सगळ्यांसमोर बोललं पाहिजे.

अलमास आणि अंजना त्या बायांच्या घरोघर गेल्या. सगळ्यांचं उत्तर एकच. नाव नको बाई. त्या अर्जावरची नवऱ्याची सही तहसिलात आहे. खरंच होतं ते.

संध्याकाळी अंजनानं मला जेवायला वाढलं आणि समोर बसली. एरवी मी जेवताना ती बसत नसे.

"शनवारी मी बोलतो."

"कायले?"

"पोरीचं टिपन राह्यते नाई तं."

मी ताट सरकवलं. "तुले समजते का? माह्या हातचा कागद हाये तिथी. माह्या एकट्याचा नाई, बारा जनाईचा. तू मले गावात खोटं पाडते का?"

ती म्हणाली, "तुमी लिव्हलं तवा मले इचारलं होतं का?"

"तुले कायले इचारू?"

"नांग्या कोनी भरल्या?"

मी उठलो. जाता जाता म्हटलं, "बोलशीन तं मी ओट्यावर राहनार नाई." ती म्हणाली, "नका राहू. पन एक आयका. तुमी सवताहून सांगतलं तं मले बोला नाई लागत." मी बाहेर निघून गेलो. तीन दिवस आम्ही घरात एकमेकांना चुकवून चाललो. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. ती रोजच्यासारखी वाती वळत होती आणि हजेरीला "हाव" म्हणत होती. मी स्वतःहून बोलेन याची ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. वाट बघतानाही तिचे हात थांबले नाहीत.

शनिवार आला. मी वावरात जातो म्हणून निघालो आणि मागच्या दारानं परत आत येऊन बसलो, सरकीच्या पोत्यावर. ओटा आणि मी यांच्यामध्ये एक दार होतं आणि ते उघडं होतं.

अलमास आधी बोलली. छान बोलली पोरगी, अडखळली नाही. मग म्हणाली, आता एक शेतकरी बाई स्वतः सांगतील. अंजना सरकून बसली. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं.

"मी अंजना. कपाशीच्या वावरात तीस-चाळीस वर्सं काम केलं. छोट्या पुडीचं बी म्या कडेनं कधीच लावलं नाई. नांग्यात टाकलं. गावातल्या सगळ्या बाया तसंच करते. पुडीवर काय लिव्हलं ते आमाले वाचता येत नाई आन ज्याईले वाचता येते ते आमाले सांगत नाई."

तिकडून कोणी तरी माणूस बोलला, आवाज मोठ्या साहेबाचा. "बाई, शेत कुणाच्या नावावर आहे? म्हणजे नोंदवून घेता येईल."

"घरधन्याच्या."

"नाव काय त्यांचं?"

आत मी पोत्यावरून अर्धा उठलो होतो.

अंजना म्हणाली, "आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाई."

"बरं. मग त्यांना हे माहीत होतं का?"

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "नाई. त्याईले नाई ठाऊक. ते सांगत होते कडेनं लाव. म्याच आयकलं नाई. चूक माह्यी हाये."

हळदी-कुंकवाला, लग्नात, बारशात तिनं उखाण्यात माझं नाव शंभर वेळा घेतलं असेल. घ्यायचं म्हटलं तर तिला अडवणारी रीत नव्हती. आणि कडेनं लावू का हे दर वर्षी कोण विचारत होतं, नाही कोण म्हणत होतं, हे मला आणि तिलाच ठाऊक. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं हे एवढंच. मला तीन पावलं चालून बाहेर जायचं होतं. मी पुन्हा पोत्यावर बसलो.

अलमासच्या ते ध्यानात आलं असावं. ती वहीत खाली बघून राहिली. शेवटी मॅडमनी हजेरी घेतली. "अंजना आजी?"

"हाव," अंजना म्हणाली.

टिपण पास झालं. कागद आला, अलमासचं नाव असलेला. कादरनं शब्द पाळला, पोरगी बुलडाण्याला गेली. जायच्या आधी तिनं ड्रॉइंगच्या कागदावर स्केचपेननं एक दुसरा कागद करून अंजनाला दिला. त्यावर लिहिलं होतं, हजेरी पूर्ण, एकही खाडा नाही. अंजनानं तो मला वाचायला लावला, मग घडी करून बियांच्या डब्यात ठेवला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. छातीत दुखतं म्हणाली, बुलडाण्याला नेली, दोन दिवस राहिली. कपाशीची पहिली वेचणी तिनं पाहिली नाही.

आता छोटी पुडी येत नाही म्हणतात. साधं बी मोठ्या पाकिटातच मिसळून येतं. मी अलमासला म्हटलं, म्हणजे बाया नांग्यात करत होत्या तेच आता कंपनी करते की. ती हसली, "तसं नाई आबाजी, त्याचं प्रमान राह्यते. आन हे आपल्या टिपनानं झालं असंही नाई, वर आधीच चालू होतं." ती आता सुट्टीत आली की अशाच शिबिरातल्या नव्या पोरांना मोबाइलवर समजावते, आमच्याच ओट्यावर. रेंज अजून तिथंच येते. मी आत बसून ऐकतो. परवा ती पोरांना सांगत होती की जबाब घेताना काम कोण करतं ते आधी बघा. मग मला म्हणाली, "आबाजी, माह्या टिपनात आजीच्या जबाबाखाली एक ओळ कोरी हाये. म्या मुद्दाम ठेवली." 

ती ओळ इथं लिहितो. माझं नाव किसन गोविंदा. वावर माझ्या नावावर. छोटी पुडी नांग्यात टाक असं दर वर्षी मी सांगितलं. कडेनं लावू का असं दर वर्षी तिनं विचारलं. बारा अर्जांवरचं "हो" माझ्या हातचं आहे आणि ते खोटं आहे. अंजनाची चूक नाही.

हे तिच्यासमोर बोललो नाही. मला जमलं ते एवढंच.

त्या शनिवारनंतर थोड्याच दिवसांनी पाऊस झाला आणि आम्ही टोबायला गेलो. मी मोठं पाकीट फोडलं. छोटी पुडी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "कडेनं लाव." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग पदर खोचून धुऱ्याकडं, वावराच्या कडेला, गेली. मी मधल्या ओळींत होतो. मान वर केली की ती दिसायची, वाकलेली, दोन बोटांनी माती उकरून बी टाकून पुन्हा दाबणारी, वावराच्या एका कडेनं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दुपार कलली तेव्हा चौथी कड संपवून ती पार पलीकडच्या टोकाला पोचली होती. तिथून तिनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली,

"पाच झाल्या वो! पाच अळ्याईच्या! सहावीपासून आपल्या!"